धातूतील भेग किती वेगाने वाढते?

'रुळाला तडा गेल्याने लोकल वाहतूक विस्कळीत' ही बातमी मुंबईकरांना नवी नाही. हा तडा त्याच पहाटे गेला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्या पहाटे एका दीर्घ प्रक्रियेची केवळ अखेर झालेली असते. पोलादाच्या आत केसाहून बारीक भेग कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे, कोणाच्याही नकळत वाढत असते. ती किती वेगाने वाढेल, हे अभियंत्यांना आज बऱ्याच अंशी गणिताने सांगता येते. रूळ, विमाने आणि पूल यांची तपासणी किती अंतराने करायची, हेही याच वेगावर ठरते.

धातूचा थकवा

क्षमतेहून मोठा भार आला की धातू तुटतो, हे उघड आहे. मात्र त्याहून कितीतरी कमी भार पुन:पुन्हा येत-जात राहिला, तरीही धातू अखेर तुटतो. यालाच 'धातूचा थकवा' असे म्हणतात. भेगेचा उगम बहुधा एखाद्या छिद्राच्या कडेला, गंजाच्या खड्ड्यात किंवा धातू घडवताना राहिलेल्या दोषापाशी होतो. भाराच्या प्रत्येक आवर्तनात भेगेचे टोक किंचित उघडते आणि पुढे सरकते. अनेक धातूंमध्ये या सरकण्याच्या सूक्ष्म रेषा तुटलेल्या पृष्ठभागावर उमटतात. झाडाच्या खोडातील वर्तुळांवरून त्याचे वय सांगावे, तसा या रेषा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजून भेगेचा इतिहास वाचता येतो.

सू सिटीचा अपघात

असा इतिहास वाचण्याची दुर्दैवी वेळ १९ जुलै १९८९ च्या अपघाताने आणली. डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनात टायटॅनियमची पंख्याची चकती फुटली. तिच्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करीत विमान आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. तरीही २९६ जणांपैकी ११२ जण मृत्युमुखी पडले.

चकतीचे मोठे तुकडे सुमारे तीन महिन्यांनी मक्याच्या शेतात सापडले. १९७१ मध्ये ही चकती बनविताना धातूत नायट्रोजनयुक्त, ठिसूळ असा एक सूक्ष्म दोष राहिला होता. भेगेचा उगम तेथेच झाला होता. चकतीने उड्डाण व अवतरणाची १५,५०३ आवर्तने पूर्ण केली होती. भेगेवरील रेषांची संख्याही जवळजवळ तेवढीच भरली. म्हणजे भेग पहिल्या काही उड्डाणांपासूनच वाढत होती. चकतीचे निर्धारित आयुष्य मात्र १८,००० आवर्तनांचे होते.

त्याहून अस्वस्थ करणारी बाब पुढेच होती. अपघाताच्या ७६० उड्डाणे आधी या चकतीची चमकणाऱ्या द्रवाने तपासणी झाली होती. गणितानुसार त्या वेळी पृष्ठभागावर भेगेची लांबी सुमारे अर्धा इंच होती, तरी ती कोणाच्या लक्षात आली नाही.

पॅरिस यांचा नियम

भेगेच्या वेगाचे हे गणित ज्या नियमावर उभे आहे, तो अमेरिकी अभियंता पॉल पॅरिस यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा १९६१ चा निबंध नामांकित नियतकालिकांनी नाकारला होता. अखेर तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका अंकात प्रसिद्ध झाला. १९६३ मध्ये पॅरिस आणि फाजिल एर्दोआन यांनी या नियमाची सविस्तर मांडणी केली.

भेगेच्या टोकाशी ताण किती तीव्र होतो, हे बाहेरील भार आणि भेगेची लांबी या दोहोंवर अवलंबून असते. या तीव्रतेतील चढउताराच्या साधारणत: दुसऱ्या ते चौथ्या घाताच्या प्रमाणात धातूतील भेगेचा वेग वाढतो. घात तीन धरल्यास भार दुप्पट होताच वेग आठपट होतो. भार तोच राहून भेग चौपट लांब झाली, तरीही वेग आठपटच होतो. त्यामुळे आयुष्याचा बराच काळ भेग अतिसूक्ष्म राहते आणि शेवटच्या थोड्या आवर्तनांत झपाट्याने पसरते. एका आवर्तनात मिलिमीटरचा हजारावा भाग इतका वेग असेल, तर एक मिलिमीटर वाढीला हजार आवर्तने लागतात. तपासणीला मिळणारी उसंत ती एवढीच.

सर्वच पदार्थ इतकी उसंत देत नाहीत. तेवढ्याच तीव्रतेला ॲल्युमिनियममधील भेग पोलादातील भेगेपेक्षा कित्येक पट वेगाने वाढते. खारी, दमट हवा हा वेग आणखी वाढविते. सिरॅमिक पदार्थांत वरील घात दहाच्याही बराच पुढे जात असल्याने भार जरासा वाढला तरी भेग बेफाम होते. काच तडकताना तर भेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर इतक्या वेगाने धावू शकते.

भेग आहे असे धरूनच

डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे एफ-१११ विमान जेमतेम शंभर तासांच्या उड्डाणानंतर कोसळले. पंखाच्या सांध्यातील जन्मजात दोष कोणालाही दिसला नव्हता. त्यानंतर विचारसरणीच बदलली. भाग नवा असतानाच त्यात भेग आहे, असे गृहीत धरायचे आणि ती घातक होण्यापूर्वी तपासणीच्या एकाहून अधिक संधी ठेवायच्या, हे तत्त्व पुढे रूढ झाले. प्रवासी विमानांच्या सांगाड्यासाठी अमेरिकेने ते १९७८ मध्ये नियमांत आणले.

भारतीय रेल्वेतही रुळांची अल्ट्रासोनिक तपासणी केवळ दिनदर्शिकेवरून ठरत नाही. त्या रुळावरून किती टन वाहतूक गेली, हे त्यासाठी पाहिले जाते. थंडीत जोडरूळ आकसू पाहतात, ते ताणले जातात आणि आत वाढत आलेली भेग एखाद्या गारठलेल्या पहाटे रूळ तोडते. बातमी होते ती तेव्हाच.

सू सिटीच्या चौकशीत अपघाताचे मूळ भेगेइतकेच तपासणीतही आढळले. तपासणी करणाऱ्या माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, असा ठपका चौकशी मंडळाने ठेवला. भेगेच्या वेगाचे गणित पुढची तपासणी केव्हा करायची, एवढेच सांगते. त्या दिवशी ती भेग दिसणे मात्र तपासणाऱ्याची नजर, त्याचे प्रशिक्षण आणि त्याला मिळालेला वेळ यांवरच अवलंबून असते.