भूमीचा महोत्सव : वऱ्हाडांतील गांवजमिनीचा वृत्तान्त

महोत्सवाच्या पुस्तिकेंत मंदिराची पायाभरणी, आद्य मिशनऱ्यांचे श्रम आणि उपकारकर्त्यांचीं नांवें ह्यांचें स्मरण करण्याची चाल आहे, व ती योग्यच आहे. परंतु वाचकबंधुभगिनींनो, ज्या पवित्र शास्त्रांतून ‘महोत्सवाचें वर्ष’ ही कल्पना आपणांस मिळाली, तेथें तिचा संबंध प्रथम जमिनीशीं जोडलेला आहे. पन्नासाव्या वर्षीं, म्हणजे योबेल वर्षीं, विकली गेलेली वडिलार्जित जमीन मूळच्या कुळाकडे परत जावी, असा लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांतील नियम आहे. भूमीचा खरा धनी देव, आणि मनुष्य हा तिजवरील कूळ, हें त्या नियमाचें तत्त्व होय. म्हणून ह्या प्रसंगीं आपल्या वऱ्हाडांत गांवाच्या सामाईक भूमीचें काय झालें, आणि ती राखण्यासाठीं सामान्य रहिवाशांनीं काय केलें, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

१८५३ च्या तहान्वयें निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातीं आला. १८६१ च्या सुमारास येथें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व रयतवारी सुरू झाली. त्याच वेळीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, व त्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोहोंचला. १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवच्या लोहमार्गासाठीं येऊन गेले. कापसाच्या भावानें वऱ्हाडांत पैसा आला, हें खरें. परंतु कापसाचें शेत जसजसें वाढलें, तसतसें पडीक रान व कुरण आकसत गेलें. तिकडे मेळघाटांत १८६६ पासून जंगल राखीव होऊं लागलें, आणि ज्या कोरकू लोकांचें तें घर, त्यांस तेथें सरकारच्या परवानगीनें वावरावें लागलें. खालीं कापूस व वर राखीव वन, अशा दोहोंच्या मध्यें गांवाचें गुरूं कोठें चरावें, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत तो प्रश्न किती प्राणघातक आहे, हें वऱ्हाडानें अनुभविलें.

ह्या प्रश्नास सरकारी दप्तरानें दिलेलें एक उत्तर आपल्या नित्याच्या बोलण्यांत अद्याप आहे. अमरावती-अकोल्याकडे कोणत्याही खेड्यांत ‘ई-क्लासची जमीन’ म्हटलें कीं लहान मूलही बोट दाखवितें. जुन्या जमाबंदींत जमिनीचे वर्ग पाडले होते; त्यांतील ‘ई’ वर्ग गुरांच्या फुकट चराईचा. पुढें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेंही बावीसाव्या कलमान्वयें अशी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. ही जमीन कोणा एकाची नाहीं, म्हणून ती सर्वांची. परंतु कोणा एकाची नाहीं, म्हणूनच ती कोणाचीही होऊं लागली. कोणीं तेथें पेरा केला, कोणीं मुरूम उपसला, निराश्रितांनीं झोपडी घातली, आणि शहरालगत तर ‘ले-आउट’ पाडणाऱ्यांच्या डोळ्यांत ती भरली. २०१६ सालीं अकोला महानगरपालिकेच्या हद्दींत चोवीस गांवें आलीं. हद्द वाढली कीं शेताच्या बांधावर दगड रोवून भूखंड आंखले जातात, हें आपण सर्व पाहतों. राहण्यास घर हवेंच. त्यास कोण नाकारील? परंतु ज्या ठिकाणीं नाला वाहतो, गुरें चरतात, मढें ठेवतात, तें ठिकाणही गांवास हवें असतें. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जगपालसिंग प्रकरणांत गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करण्यास सर्व राज्यांना आज्ञा केली. तथापि न्यायालयाचा कागद स्वतः चालत गांवांत येत नाहीं. त्यास आणणारे पाय लागतात.

असे पाय कोठें निघाले, तें आतां पाहूं. अचलपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं पायविहीर नांवाचें लहानसें गांव आहे. वस्ती बहुतांशीं कोरकूंची. गांवामागील टेकड्या कुऱ्हाड व चराई ह्यांनीं उघड्या पडल्या होत्या, आणि पावसाळा सरला कीं माणसें मजुरीसाठीं बाहेर जात. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यावर, आणि २००९ सालीं गडचिरोलींतील मेंढा गांवास सामूहिक वनहक्क मिळाल्यावर, ह्या प्रांतांतही आशा उत्पन्न झाली. मेळघाटांत कार्य करणाऱ्या ‘खोज’ संस्थेच्या साह्यानें पायविहीरच्या ग्रामसभेनें आपला दावा तयार केला.

दावा म्हणजे केवळ अर्ज नव्हे. ग्रामसभा वनहक्क समिति निवडते. समिति सीमेवर फिरून नाला, देवस्थान, पायवाट, चराईचें रान ह्यांचा नकाशा करते. वृद्धांचे जबाब घेते. मग तो दावा उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ज्यांच्या स्मरणाची आजवर कोणीं किंमत केली नव्हती, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचें बोलणें येथें पुरावा ठरलें, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २०१२ सालीं सुमारे १९० हेक्टर वनावर पायविहीरचा सामूहिक हक्क मान्य झाला. उपातखेडा, नायाखेडा व खतिजापूर ह्या शेजारच्या गांवांनींही हीच वाट धरली.

हक्क मिळाला, तो उघड्या टेकडीचा! येथेंच गांवाची खरी परीक्षा होती. ज्या रानाचे मालक आपण, त्यांतील झाड तोडण्यास आतां कोण अडवील, असें म्हणणें सोपें होतें. ग्रामसभेनें उलट केलें: कुऱ्हाडीवर व मोकाट चराईवर आपणच बंदी घातली, राखण ठेवली, आणि रोजगार हमीच्या कामांतून माती व पाणी अडवून झाडें लाविलीं. अशा बंदीची झळ प्रथम त्याच घरास लागते, ज्या घरीं शेळ्या आहेत व शेत नाहीं. म्हणून तिचा निर्णय बाहेरच्यानें लादून चालत नाहीं, तो बसून, भांडून, घरच्यांनींच करावा लागतो. रान परतलें, गवत वाढलें, सीताफळाचीं झाडें लगडलीं. सीताफळाचें एक आहे: डोळे उघडले कीं तें तोडावें लागतें, आणि तोडलें कीं वाट पाहत नाहीं, म्हणून व्यापारी सांगेल तो भाव गरिबास घ्यावा लागे. ग्रामसभेनें फळें निवडून, पेट्यांत भरून थेट मुंबईस पाठविलीं. २०१४ सालीं ह्या गांवास भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. परंतु गांवांतच काम मिळून घरचीं माणसें घरीं राहूं लागलीं, हा मोबदला मला त्याहून मोठा वाटतो.

असाच एक लढा आपल्या कॅथलिक बांधवांनीं वसईस दिला, त्याचा उल्लेख न करणें कृतघ्नपणाचें होईल. केळीच्या बागा व विहिरी ह्यांच्या त्या भूमीवर इमारतींचा लोंढा येऊं लागला, तेव्हां १९८८ सालीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समिति स्थापन झाली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेले हे धर्मगुरु लेखणी घेऊन थांबले नाहींत, रस्त्यावरही उतरले. आणि त्यांच्यासमवेत सर्व धर्मांचे लोक होते. त्यांस सर्व यश आलें काय? नाहीं. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेलेली होती. तथापि वाढीस मर्यादा असावी, पाणी कोठून येणार हें आधीं सांगावें, आणि रहिवाशांस विचारल्यावांचून त्यांच्या गांवाचा नकाशा बदलूं नये, हे प्रश्न त्या समितीनें महाराष्ट्रास विचारावयास शिकविलें. २५ जुलै २०२४ रोजीं फादर दिवंगत झाले. प्रश्न मात्र जिवंत आहेत.

दोन्ही वृत्तान्तांचें तात्पर्य मला असें दिसतें. वाढ हा शत्रु नव्हे. न विचारतां होणारी वाढ हा खरा धोका. पायविहीरच्या लोकांनीं विकास नाकारला नाहीं, तो आपल्या हातीं घेतला. आपल्याही गांवीं ग्रामसभा भरते, व किती जण तीस जातात, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला कीं ठराविक मुदतींत हरकत घेण्याचा हक्क कायद्यानें प्रत्येकास दिला आहे. तो आराखडा आपणांपैकीं किती जणांनीं उघडून पाहिला? आपल्या गांवची ई-क्लास जमीन किती, तिचा गट क्रमांक कोणता, सात-बाऱ्यावर काय लिहिलें आहे, एवढें जरी प्रत्येक तरुणानें तलाठ्याकडे जाऊन समजून घेतलें, तरी ह्या महोत्सवाचें मोठें कार्य झालें असें मी समजेन.

योबेल वर्षाचें रणशिंग कुळांना आपापल्या भूमीकडे परत बोलावीत असे. मंदिराची घंटा आपणांस दर रविवारीं बोलावितेच. ह्या वर्षीं तिनें आपणांस गांवाच्या शिवेपर्यंतही न्यावें, अशी मी प्रभुचरणीं प्रार्थना करितों.