सवाईच्या रात्री

भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आपल्या वेळी रात्रभर चाले. मी तिथे फ्लॅश कधीच वापरला नाही. गाणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड मारायचा म्हणजे काय! ४०० एएसएची कृष्णधवल फिल्म १६०० धरून वापरायची, डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. दाणे उठत, पण चेहरा येई. पुढे निवाऱ्यातली कुत्री, मुळशीकडचे आडरस्ते असं बरंच टिपलं, ते दुय्यम. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर बंधन आलं आणि उजाडेपर्यंतची मैफल संपली. माझ्या निगेटिव्हमध्ये ती आहे. एका फोटोत आपल्या तुकडीतले चौघे सतरंजीवर शाली पांघरून गाढ झोपलेत. त्यातले दोघे आता नाहीत. त्यांच्या घरच्यांसाठी प्रती काढल्या आहेत; मेळाव्याला घेऊन येतो.