होकाराची गोडी

दिवाळीचा अंक घरात आला की घरातली माणसे तो आपापल्या परीने वाटून घेतात. वडीलधारे आधी राशिभविष्य उघडतात, मुले व्यंगचित्रे शोधतात, आणि फराळाच्या बशा आवरून झाल्या की एखादी सून किंवा लेक तो हळूच आतल्या खोलीत नेऊन त्यातली प्रेमकथा वाचून काढते. कथा गोड असावी आणि शेवटी दोघांचे जुळावे, एवढीच तिची अपेक्षा असते. टीकाकार मंडळी अशा कथेला नाक मुरडतात. परंतु ज्याने ती एकदा लिहून पाहिली आहे, त्याला ठाऊक असते की रडवणे त्या मानाने सोपे असते आणि गोड लिहिणे महाकठीण. साखर थोडी जास्त पडली की पाक बिघडतो, आणि कमी पडली तर कोणी तोंडात घालीत नाही.

नव्याने लिहू लागलेली मुलेमुली मला पुष्कळदा विचारतात, ‘‘बाई, अशी गोष्ट सुचते कशी? ती शिकायची कोणापाशी?’’ मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तरणीने साहित्यशास्त्र काय सांगावे! पण एक वाट मला सापडली आहे, ती मी दाखवते. आपल्याच मराठी प्रेमकथेचा इतिहास वाचा, म्हणजे गोडी कशातून येते आणि कशामुळे नासते, हे आपोआप उमगू लागते.

आपल्या भाषेला प्रेमाचे वावडे कधीच नव्हते. हालाच्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या जुन्या संग्रहात, खेड्यापाड्यांतल्या स्त्रीपुरुषांचे रुसवेफुगवे भरलेले आहेत. महानुभाव कवी नरेंद्राने रुक्मिणीचे स्वयंवर गायिले, शाहिरांनी लावण्या रचल्या. पण शेजारच्या वाड्यात राहणाऱ्या, आपल्यासारखे जेवणाऱ्या-बोलणाऱ्या दोन माणसांची गद्यातली प्रेमकथा लिहायची वेळ आली, तेव्हा मराठी लेखक अडखळला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले, पण त्याचा विषय विधवांची दुःस्थिती हा होता. पुढे अकरा वर्षांनी, १८६८ साली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. राजपुत्र, राजकन्या आणि अद्भुत प्रसंग यांनी ती भरलेली आहे. मौज अशी की हे सारे आपण का रचले, याची कैफियत रिसबुडांनी प्रस्तावनेतच देऊन टाकली. तिचा मथितार्थ असा, की आपल्या विवाहाच्या रूढीमुळे आणि इतर काही कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही, तेव्हा रोजचे लिहिले तर ते वाचणार कोण? म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते.

ही कैफियत वाचून पुष्कळांना हसू येते. मला मात्र ती फार प्रामाणिक वाटते. ज्या समाजात मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी लागते, नवरदेवाला तिने धडपणे पाहिलेलेही नसते, आणि सासरी दिवसाउजेडी नवऱ्याशी दोन शब्द बोलणे हा निर्लज्जपणा ठरतो, तिथे प्रेमकथेचा लेखक नायक-नायिकेची भेट घडवणार कुठे? त्यांनी एकमेकांना पसंत करायचे ते कधी? मंजुघोषेला हवेतल्या राज्यात जावे लागले, कारण पुण्या-मुंबईच्या वाड्यांत तिच्यासाठी जागाच नव्हती.

ही अडचण केवळ लेखकांची नव्हती. रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाईना, तेव्हा १८८४ साली दादाजी भिकाजी याने तिच्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की तिने नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी सांगितले की तुरुंग पत्करेन. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटकडे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. या खटल्यात प्रेमाचा प्रसंग एकही नाही. तरीसुद्धा मराठी प्रेमकथेच्या इतिहासात मी तो मोलाचा मानते. एका मुलीने भर कोर्टात ‘नाही’ म्हटले. आणि ज्या मुलीला ‘नाही’ म्हणता येते, तिच्याच ‘हो’ला काही किंमत असते. गोड प्रेमकथा ही त्या ‘हो’ची कथा आहे.

मग त्या काळी गोडी नव्हतीच की काय? होती, पण ती लग्नाच्या अलीकडे नव्हती, पलीकडे होती. न्यायमूर्ती रानडे यांचे दुसरे लग्न १८७३ साली झाले. ते एकतिशीचे, वधू रमा अकरा वर्षांची. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. म्हणजे या लग्नात मुलीला कोणी विचारले नव्हते, आणि नवऱ्यालाही नकार निभावता आला नव्हता. अशा आरंभातून काय निपजणार, असे कोणीही म्हणावे. पण रानड्यांनी त्या निरक्षर मुलीच्या हाती पाटी-पुस्तक दिले. घरातल्या बायका टोमणे मारीत, बोलणे टाकीत, वाचणाऱ्या सुनेची टिंगल करीत. रमाबाई ते निमूट सोशीत आणि पुन्हा धड्याला बसत. लग्नाच्या दिवशी जो होकार त्यांना देता आला नव्हता, तो त्यांनी असा रोज थोडा थोडा दिला. नवऱ्याच्या पश्चात, १९१० साली, त्यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ प्रसिद्ध केल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून त्या त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना ‘स्वतः’ हे सर्वनाम शिकवते; पण एका बाईने ते नवऱ्यासाठी वापरले आणि त्यात आदर, भीड आणि माया ही तिन्ही मावली, हे व्याकरणात सांगता येत नाही.

हीच गोडी हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीत आणली. ‘करमणूक’ साप्ताहिक त्यांनी १८९० साली सुरू केले आणि त्यातूनच ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः छापली. यमूच्या या कहाणीचा शेवट किती भीषण आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मधली पाने पुन्हा वाचा. रघुनाथरावांबरोबर यमू मुंबईला येते, वडीलधाऱ्यांच्या नजरेपलीकडे दोघांचा छोटा संसार मांडला जातो, वाचन होते, बोलणे होते. यात राजपुत्र नाही की जादूचा महाल नाही. नवरा-बायको समोरासमोर बसून मोकळेपणी बोलतात, एवढीच नवलाई आहे. रिसबुडांना जे सापडले नव्हते ते हरिभाऊंना बिऱ्हाडाच्या खोल्यांत सापडले. आणि ते सुख इतके खरे उतरले म्हणूनच नवरा गेल्यावर यमूच्या वाट्याला आलेले सक्तीचे केशवपन आपल्याला आजही सहन होत नाही.

रंगभूमीने निराळी युक्ती केली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये, म्हणजे १८८२ साली, सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले असते आणि थोरले बंधू बलराम तिचे लग्न दुर्योधनाशी ठरवून बसतात. कथा महाभारतातली; पण बहिणीला न विचारता भावाने स्थळ ठरवणे हा तर प्रेक्षकांच्या घरचाच प्रकार होता. जे घरच्या मुलीच्या तोंडी शोभले नसते, ते देवाच्या बहिणीने गाऊन सांगितले आणि साऱ्या घराने ते कौतुकाने ऐकले. पुढे देवलांच्या ‘शारदा’ने १८९९ साली पौराणिक शेला बाजूला ठेवला आणि म्हाताऱ्या वराच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीलाच रंगमंचावर उभे केले.

हळूहळू मुली शाळेत गेल्या, काही कॉलेजात पोहोचल्या. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने घरोघरच्या वाचणाऱ्या बायकांना आपलेसे केले. याच मासिकाचा १९०९ सालचा दिवाळी अंक हा आपल्या साऱ्या दिवाळी अंकांचा मूळपुरुष. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’त, १९१५ साली, स्त्रिया पुरुषांबरोबर बसून तात्त्विक वाद घालू लागल्या. मग १९२९ साली शारदा कायदा झाला. तो नाटकातल्या शारदेच्या नावाचा नव्हे, तर हरबिलास सारडा यांच्या नावाचा. तरी आपल्याकडे लोकांना शारदाच आठवली! १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षांचे आणि मुलाच्या लग्नाला अठरा वर्षांचे वय आवश्यक झाले. कायदा पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला, पण मध्यमवर्गात वारे फिरले होते. बालपण आणि लग्न यांच्यामध्ये चार-सहा वर्षांची एक मोकळी पडवी तयार झाली. आधुनिक मराठी प्रेमकथा त्या पडवीत जन्मली.

ना. सी. फडके यांचे चातुर्य असे, की त्यांनी ही पडवी आधी ओळखली. ‘जादूगार’ १९२८ साली, ‘दौलत’ १९२९ साली, ‘अटकेपार’ १९३१ साली: एकामागून एक कादंबऱ्या आल्या. आता नायक-नायिका भेटू शकत होती, बोलू शकत होती, गैरसमज करून घेऊन रुसूही शकत होती. आमच्यासारख्या पुष्कळांनी कॉलेज पाहिले ते फडक्यांच्याच पानांत. त्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून ललितलेखनाचे तंत्र शिकता येते, असे ठासून सांगितले. गुंतागुंत कशी करावी, उत्कंठा कशी वाढवावी, गाठ केव्हा सोडवावी, हे त्यांच्याइतके रेखीव सांगणारा मराठीत दुसरा विरळा. नव्या लेखकाने ते पुस्तक अवश्य वाचावे. तंत्राला नावे ठेवणाऱ्यांना मी विचारते, चकलीला सोऱ्या लागतो की नाही? मात्र सोऱ्या कितीही चांगला असला तरी भाजणी आपल्याला घरीच करावी लागते.

ही भाजणी कशाची, ते दोन वर्षांतच एका लेखिकेने दाखवले. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही बाई कोण, याचे तर्क चालले. पुढे ती बाळूताई खरे, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, असे उघड झाले. तिच्या कथांतल्या मुली शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत. पण वय वाढत चालले, जोडीदार मिळत नाही, कुठे घरच्यांची भिस्तच लेकीच्या पगारावर. पडवी झाली खरी. पण तिथे कितीजणी कायमच्या ताटकळत राहिल्या, हे फडक्यांच्या टेनिसकोर्टावरून दिसत नव्हते. शिरूरकरांच्या कथा गोड नाहीत. पण गोड लिहू पाहणाऱ्याने त्या आधी वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे. त्या वाचल्यावर नायिकेच्या हातात गुलाबाचे फूल देताना लेखणी जरा थांबते आणि विचारते, हिचे घर कसे चालते? हिच्यावर कोण अवलंबून आहे?

आज काळ आणखी पुढे आला आहे. १९७८ साली लग्नाचे वय मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस झाले. मुले-मुली एका बाकावर शिकतात, खिशातल्या फोनवर बोलतात. त्यामुळे काही तरुण लेखक रिसबुडांच्या उलट तक्रार करतात: आता अडथळाच उरला नाही, गोष्ट रंगवायची कशावर? त्यांनी वर्तमानपत्र उघडावे. जातीबाहेर ‘हो’ म्हटल्याबद्दल जीव गमावलेल्या, आणि ‘नाही’ म्हटल्याबद्दल मार खाल्लेल्या मुलींच्या बातम्या अजून थांबलेल्या नाहीत. एवढे दूर जायचे नसेल तर आपल्याच घरात पाहावे. आईचे आजारपण, धाकट्याची फी, गावाकडचे घर, बदलीची नोकरी, विधुर वडिलांचा एकटेपणा, चाळिशीत दुसऱ्यांदा जोडीदार निवडू पाहणाऱ्या बाईची भीड! प्रत्येक पिढीच्या होकारासमोर तिचा स्वतःचा उंबरठा असतो. लेखकाने तो शोधावा.

म्हणून मुलांनो, गोष्ट लिहायला बसण्यापूर्वी एक गृहपाठ करा. आपल्या नायिकेला, आणि नायकालाही, मनातल्या मनात विचारा: ‘‘तू नाही म्हटलेस तर काय होईल?’’ उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तर कागद तसाच ठेवा. तुम्हाला अजून त्यांचे घर माहीत नाही. उत्तर ‘मला नाही म्हणताच येणार नाही’ असे आले, तर जे लिहाल त्याला प्रेमकथा म्हणू नका. ती यमूची बहीण आहे, तिची कहाणी तशीच सांगा. पण ती जर म्हणाली, ‘‘नाही म्हणता येईल, पुष्कळ जण तेच सांगताहेत, आणि तरी मला हो म्हणावेसे वाटते,’’ तर मात्र उशीर करू नका. दौतीत शाई भरा आणि तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.