अन्नसमृद्धीकरण

रोजच्या आहारातील एखाद्या पदार्थात मुळात नसलेली, अपुरी असलेली किंवा प्रक्रियेत नष्ट झालेली जीवनसत्त्वे व खनिजे ठराविक प्रमाणात मिसळण्याच्या क्रियेस अन्नसमृद्धीकरण म्हणतात. याकरिता निवडलेला पदार्थ गरीब-श्रीमंत सर्वांच्या खाण्यात असावा, त्याचे रोजचे प्रमाण फारसे बदलू नये आणि त्याचे उत्पादन थोड्या ठिकाणी होत असावे, अशा अपेक्षा असतात. शेवटची अपेक्षा वरवर गौण वाटते. परंतु महाराष्ट्रापुरते पाहता बऱ्याच अडचणी तिच्यातूनच उद्‌भवल्या, आणि उरलेल्या सक्तीच्या प्रश्नातून.

वनस्पती तुपाच्या बाबतीत अडचण आली नाही. मुंबईत शिवडी येथे १९३२ च्या सुमारास सुरू झालेल्या कारखान्यासारख्या मोजक्या ठिकाणी ते तयार होई. त्यामुळे दर ग्रॅममागे अ जीवनसत्त्वाची २५ आंतरराष्ट्रीय एकके मिसळण्याचे १९५३ सालचे बंधन सहज अंमलात आले.

मिठाची गोष्ट वेगळी आहे. अन्नातील आयोडीन कमी पडल्यास अवटू ग्रंथी वाढून गलगंड होतो, आणि गर्भावस्थेत ते कमी पडल्यास मुलाची बौद्धिक वाढ खुंटते. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून व अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९२४ पासून आयोडीनयुक्त मीठ वापरात आले. भारतात कांग्रा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात अशा मिठाने गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसून आले. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेण्यात आला. प्रारंभी तो हिमालयालगतच्या पट्ट्यापुरता होता. पुढील पाहण्यांत महाराष्ट्रासह इतर राज्यांतही न्यूनता आढळल्याने सर्वच खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे १९८४ मध्ये ठरले व १९८६ पासून टप्प्याटप्प्याने त्यास सुरुवात झाली.

समुद्रकाठच्या लोकांना आयोडीन बाहेरून कशाला हवे, असा प्रश्न ठाणे जिल्ह्यात हमखास विचारला जाई. तो गैरसमजावर आधारलेला आहे. समुद्री मासळीत आयोडीन भरपूर असते. मिठागरात पिकलेल्या मिठात मात्र ते नगण्य असते. भाईंदर, वसई, मुलुंड या बाजूच्या आगरांतले खडे मीठ आणि सुकी मासळी ही दोन्ही किनाऱ्यावरून शहापूर-मुरबाडच्या डोंगरी भागात व तेथून घाटावर जात. त्यांपैकी आयोडीन पुरवणारी होती ती मासळी. अतिवृष्टीने धुपलेल्या डोंगरउतारावरील जमिनीत आयोडीन कमी राहते, म्हणून तेथील धान्य-भाजीपाल्यावर भिस्त ठेवता येत नाही.

नियमानुसार मिठात उत्पादनस्थळी दशलक्ष भागांत किमान ३० व ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ भाग आयोडीन असावे लागे. दिवसाला १० ग्रॅम मीठ धरल्यास दुसऱ्या प्रमाणाने १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढाची रोजची गरज, भागते. हा हिशेब कागदावर निर्दोष आहे. कोकणच्या पावसाळ्यात उघड्या मडक्यातील खडे मीठ पाझरते व त्या पाण्याबरोबर आयोडीनही निघून जाते. मळ काढण्यासाठी खडे धुतल्यास हेच होते. शिवाय गुरांसाठी, मासळी खारवण्यासाठी व उद्योगांसाठी साधे मीठ विकण्यास कायद्याने मुभा ठेवली. मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा गुरे राखणाऱ्या मुलखात गुरांचे मीठ आणि माणसांचे मीठ यांत फरक राहतो तो पिशवीवरील अक्षरांचाच.

साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर देशभर १९९८ मध्ये घातलेली बंदी २००० मध्ये उठवण्यात आली व मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. तिला नागपूरच्या ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यूनता काही भागांतच असताना सर्वांवर सक्ती का, हा तिचा मुख्य आक्षेप होता. जुलै २०११ च्या निकालात न्यायालयाने आयोडीनयुक्त मीठ अपायकारक ठरवले नाही. मात्र साधे मीठ ही भेसळ नव्हे, तेव्हा भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या आधारे असा नियम करता येत नाही, असे म्हणून तो रद्द ठरवला व व्यवस्था करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. पुढच्याच महिन्यात अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील विनियम अंमलात येऊन तीच बंदी नव्या आधारावर उभी राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते आरोग्यदृष्ट्या बंदी योग्यच होती. परंतु लहान आगरधारकांना मिश्रणाची यंत्रे व तपासणीची सोय आधी पुरवली असती, तर विरोधाची धार कमी झाली असती.

सक्तीचा प्रश्न तांदळाच्या निमित्ताने पुन्हा उपस्थित झाला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने तांदळाच्याच आकाराचे दाणे पाडतात व ते साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. शिधावाटपातील अशा तांदळाच्या केंद्र पुरस्कृत प्रायोगिक योजनेत महाराष्ट्रातून गडचिरोली जिल्हा निवडला गेला. तेथील आदिवासींत सिकलसेल विकार आढळतो, आणि लोहयुक्त अन्न अशा रुग्णांनी टाळावे अशी सूचना २०१८ च्या विनियमांनुसार वेष्टनावर छापावी लागे. शिधादुकानात सुटा तांदूळ घेणाऱ्याला ती दिसणार कशी, हा आक्षेप रास्त होता. तज्ज्ञसमितीला अपायाचा पुरावा न आढळल्याने ती सूचना २०२४ मध्ये वगळण्यात आली, आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालवण्यास मंजुरी दिली.