दिनविशेष : १५ ऑगस्ट १९८८ – चौदा भाषांची एक चाल

१५ ऑगस्ट १९८८ रोजी, स्वातंत्र्यदिनी, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीत दूरदर्शनवरून प्रथम प्रसारित झाले. त्याचे शब्द पीयूष पांडे यांचे, चाल अशोक पत्की यांची आणि वाद्यमेळ लुई बँक्स यांचा होता. मैफलीची सांगता ज्या रागाने करण्याचा प्रघात आहे ती भैरवी, म्हणजे रिषभ, गंधार, धैवत व निषाद कोमल असणारा राग, येथे पं. भीमसेन जोशी यांच्या धीरगंभीर आवाजात आरंभीच येते, आणि पुढे एकच आशय चौदा भाषांतून फिरताना सुरावट त्या त्या प्रदेशाचे वळण घेते. जिंगल, म्हणजे काही सेकंदांचे जाहिरातगीत, रचण्यात मुरलेल्या पत्कींनी त्यातला नेमकेपणा ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ या मालिकांच्या शीर्षकगीतांतही जपला. ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शीर्षकगीताला दुय्यम मानणे अन्यायाचे आहे, कारण घरोघरी रोज ऐकले जाणारे संगीत तेच असते.

अनेक बोली शेजारी नांदणाऱ्या रायगडच्या किनाऱ्यावर ‘मिले सुर’ या गीताचे मोल अधिक जाणवते. आगरी-कोळी बोलींच्या शेजारी, रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली एक मिश्रभाषा आजही बोलली जाते. त्या चौदा भाषांत तिला स्थान नव्हते. तिची गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम किनाऱ्यावरील संगीतकारांनी आता हाती घ्यावे.