विषयांची परीक्षा आणि कॉलेजचे दार

परीक्षा म्हटली की आपल्याकडे आधी गुणांचा हिशेब सुरू होतो. अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांत नुसत्या गुणांवर प्रवेश ठरत नाही. शाळेतली प्रगती पाहतात, शिक्षकांची पत्रं वाचतात. मग विषयवार परीक्षेला तिथं किती किंमत होती? त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं ज्या त्या कॉलेजची परीक्षा निराळी असे. एकाच वर्गातली मुलं निरनिराळ्या कॉलेजांची तयारी करीत आणि मास्तर बेजार होत! हा घोळ मिटावा म्हणून कोलंबियाचे निकोलस मरे बटलर आणि हार्वर्डचे चार्ल्स एलियट प्रभृतींच्या खटपटीनं १९०० साली 'कॉलेज बोर्ड' हे सामाईक मंडळ निघालं. जून १९०१ मध्ये पहिली परीक्षा झाली. उमेदवार ९७३, विषय नऊ. त्यांत लॅटिन आणि ग्रीकही होते.

घोळ मिटला खरा. पण ज्याच्या गावात लॅटिन शिकवणारी चांगली शाळाच नाही, त्या हुशार मुलानं काय करावं? परीक्षा मुलाच्या नावानं होते, पण निम्मी ती त्याच्या शाळेचीच असते, नाही का?

१९२६ साली विषयज्ञानाऐवजी बुद्धीची कुवत मोजू पाहणारी 'सॅट' परीक्षा सुरू झाली. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९३४ पासून दूरदूरच्या मुलांना शिष्यवृत्त्या देताना तिचा आधार घेतला. १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, जुनी निबंधवजा परीक्षा बंद पडली. मात्र १९३७ पासून सुरू झालेल्या, तयार उत्तरांतून निवड करण्याच्या विषयवार चाचण्या चालू राहिल्या.

आता गंमत पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठानं सुमारे ७८ हजार विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. २००१ साली निष्कर्ष आला, तो असा : पहिल्या वर्षाच्या यशाचा अंदाज 'सॅट'पेक्षा विषयांच्या चाचण्यांवरूनच अधिक चांगला बांधता येतो, आणि घरच्या सांपत्तिक स्थितीची छायाही त्यांच्यावर कमी पडते. म्हणजे, जी पक्षपाती वाटत होती, तीच अधिक न्यायी ठरली!

तरीही त्याच विद्यापीठानं २०१२ च्या प्रवेशापासून त्यांची सक्ती उठवली. कारण साधंच होतं. बाकी सर्व बाबतींत लायक असलेली कितीतरी मुलं, केवळ या चाचण्यांना बसली नाहीत म्हणून, बाहेर राहत होती. पुढं जानेवारी २०२१ मध्ये कॉलेज बोर्डानं त्या चाचण्याच बंद करण्याचं जाहीर केलं. 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' या वरच्या पातळीच्या विषयपरीक्षा आता मुबलक उपलब्ध आहेत, असं बोर्डाचं म्हणणं.

पण त्यांचा अभ्यासक्रम काही प्रत्येक शाळेत शिकवला जात नाही. म्हणजे १९०१ सालचा लॅटिनचा प्रश्न पुन्हा उभा राहिलाच. मुलाला काय येतं, हे विचारण्याचा अधिकार कॉलेजला जरूर आहे. पण त्याला ते शिकण्याची सोय होती का, हेही त्यानं आधी विचारायला हवं.