लासलगांवचा लिलाव आणि माहितीची साक्षरता

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांतील लासलगांव म्हटलें कीं कांदा आठवावा, हें साहजिकच आहे. बाजार समितीच्या आवारांत कांद्यानें भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा समूह एकेका वाहनापाशीं येतो, चार कांदे हातांत घेऊन पाहतो, बोली पुकारली जाते आणि कांहीं क्षणांत एका कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांचें मोल ठरतें. परंतु या बाजाराची कथा केवळ कांद्याची नाहीं. माहिती कोणाच्या हातीं असावी, आणि ती उघड झाल्यावर वाचावी कशी, या प्रश्नाचीही ती कथा आहे.

पूर्वीं अनेक बाजारांत सौदा उघड होत नसे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारींच उभा असे, पण त्याच्या मालाची किंमत त्यालाच सर्वांच्या शेवटीं कळे, आणि तीही दलाल सांगेल तेवढीच. वर तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नाना नांवांनीं कपात होई ती निराळीच. शेतकरी निरक्षर होता म्हणून नाडला गेला, असें सामान्यतः म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. रुमालाखालचा आंकडा पदवीधरालाही वाचतां आला नसता. जी माहिती मुळांत झांकूनच ठेविली आहे, तिच्यापुढें अक्षरज्ञानाचें कांहींएक चालत नाहीं.

म्हणून पहिलें काम रुमाल दूर करण्याचें होतें. वऱ्हाडांत १८९७ सालच्या कायद्यानें कापसाच्या व धान्याच्या बाजारांना नियम लागू झाले. १९२८ सालीं शेतकीविषयक रॉयल कमिशननें नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं तसा कायदा झाला, आणि लासलगांवची बाजार समिति १९४७ सालीं स्थापन झाली. उघड लिलाव आणि लेखी हिशोबपट्टी यांवर या व्यवस्थेची उभारणी आहे.

मात्र रुमाल दूर झाला म्हणून आंकडा आपोआप बोलूं लागतो असें नाहीं. लासलगांवचे भाव रोज प्रसिद्ध होतात ते तीन आंकड्यांत: किमान, कमाल आणि सरासरी. समजा, एके दिवशीं क्विंटलमागें किमान भाव ५००, कमाल २००० आणि सरासरी १२०० रुपये निघाला. शहरांतील गृहिणी २००० हा आंकडा वाचून शेतकरी गबर झाला असें म्हणते. गांवांतील शेतकरी तोच आंकडा ऐकून आपलाही माल त्याच भावानें जाईल या आशेनें गाडी भरतो. प्रत्यक्षांत २००० चा भाव एखाद्याच उत्तम, सुकलेल्या, एकसारख्या मालाला मिळालेला असूं शकतो. तिघांपैकीं कोणता आंकडा कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, हें ज्याला कळलें तोच खरा वाचता माणूस. अक्षरें तिघांचींही सारखींच सोपीं आहेत.

असें वाचन लोकांना शिकवावें, हा विचार आजच्या नाशिक जिल्ह्यांतच जन्मलेल्या एका पुरुषानें फार मोठ्या प्रमाणावर अमलांत आणला. नाशिक शहरांत १८४० सालींच वाचनालय निघालें होतें. पण खेड्यांतल्या माणसाला त्याचा उपयोग कितीसा होणार? मालेगांवकडील कवळाणें गांवच्या गोपाळराव नांवाच्या मुलाला १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतलें, तेव्हां तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. तेच पुढें सयाजीराव गायकवाड झाले. त्यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत आणि १९०६ सालीं संबंध संस्थानांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें. पण शाळा सोडल्यावर मुलगा शिकलेलें विसरतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलाविलें. मध्यवर्ती ग्रंथालय, खेडोपाडीं वाचनालयें, पेट्यांतून फिरणारीं पुस्तकें आणि ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग अशी ती योजना होती. ज्यांना वाचतां येत नसे त्यांच्यासाठीं चित्रें व जादूच्या कंदिलाचे खेळ दाखविणारी निराळी शाखा होती. त्या काळांत कित्येक सुशिक्षितही ग्रंथालय म्हणजे कादंबऱ्यांचें कपाट समजत, त्या मानानें ही दृष्टि किती पुढची होती!

माहिती गांवापर्यंत पोहोंचविण्याचें दुसरें साधन म्हणजे आकाशवाणी. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें काढण्यांत आलीं. आठवड्यांतून दोन वेळां शेतकीविषयक कार्यक्रम लागे. मंडळी एकत्र बसून ऐकत, त्यावर वाद करीत आणि उद्भवलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवीत. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत येत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूरथ यांनीं या प्रयोगाची तपासणी केली, आणि तुलनेसाठीं मंडळें नसलेलीं गांवेंही पाहिलीं. जेथें ऐकून चर्चा झाली तेथें लोकांचें ज्ञान ठळकपणें वाढलें. जेथें नुसता रेडिओ होता तेथें वाढ अल्प होती. यंत्र दोन्हीकडे तेंच. फरक पडला तो उलट प्रश्न विचारण्याच्या संवयीनें.

या संवयीला ‘माहिती-साक्षरता’ हें नांव १९७४ सालीं पॉल झुरकोव्स्की या अमेरिकन गृहस्थांनीं दिलें. त्यांचा रोख मुख्यतः कामधंद्यांतील माणसांवर होता, ही गोष्ट हल्लीं विसरली जाते. लासलगांवच्या परिसरांतील शाळांना तर यासाठीं क्रमिक पुस्तक शोधण्याचीही गरज नाहीं. प्रत्येक घरीं हिशोबपट्टी येते. वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम: सातवीच्या मुलाला ती तपासतां येते. २०१६ सालच्या जुलैंत राज्य सरकारनें फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. हें ज्या मुलाला ठाऊक आहे, तो पट्टींत अडतीची कपात दिसली तर बापाला विचारील. गणिताच्या शिक्षकानें एवढें केलें तरी पुष्कळ झालें.

आंकड्यांपेक्षां बातमीची परीक्षा मात्र कठीण असते. केंद्र सरकारनें डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी घातली होती. फेब्रुवारींत बंदी उठल्याची वार्ता पसरली. १७ तारखेला लासलगांवीं १२८० रुपये असलेला सरासरी भाव १९ तारखेला १८०० वर गेला. दोन दिवसांत शेंकडा चाळीस चढ! दुसऱ्याच दिवशीं केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनीं बंदी उठलेली नाहीं असें स्पष्ट केलें. १९ तारखेस ज्याचा माल विकला गेला त्याचें दैव उघडलें, हें कबूल केलें पाहिजे. पण भाव आणखी चढेल म्हणून ज्यानें त्या दिवशीं माल मागें ठेविला, त्याचें काय? बंदी घालणें वा उठविणें हें परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनें होतें, आणि ती सर्वांना पाहतां येते. ती निघाली आहे काय, एवढा एकच प्रश्न त्या दोन दिवसांत विचारावयाचा होता.

मार्चअखेर बंदी संपेल असें मानणारेही फसले, कारण तिची मुदत त्याआधींच वाढविण्यांत आली. ४ मे २०२४ रोजीं ती खरोखर उठली. परंतु टनामागें किमान ५५० डॉलर निर्यातमूल्याची अट अधिसूचनेंत होती, आणि शेंकडा ४० निर्यातशुल्कही लागू होतें. ‘बंदी उठली’ एवढा मथळा वाचून ज्यानें भावाचा अंदाज बांधला, त्याला यांपैकीं कांहींच कळलें नव्हतें.